संकल्पात सांगितलेला पत्ता

तनयने मला विचारलेला पहिलाच प्रश्न असा होता, "ताई, दार तुम्ही लाथेने उघडता की खांद्याने?"

मी म्हटलं, "बेल वाजवते."

झूमवर त्याने काहीतरी टाइप केलं आणि खोडलं. हा तनय सिडनीत सिरीज बनवणाऱ्या एका कंपनीत रिसर्चचं काम करायचा. लॉकडाऊनमुळे घरात अडकलेला, त्यामुळे वेळच वेळ. त्यांना ऑस्ट्रेलियातल्या एका भारतीय बाउंटी हंटर बाईवर सिरीज करायची होती. लेदरचं जॅकेट, मोठी जीप, पुढे पळणारी फरारी माणसं. कुणीतरी त्याला सांगितलं की डार्विनमध्ये एक मराठी बाई हेच काम करते. हेच काम! कप्पाळ माझं.

"हे बघ," मी म्हटलं, "ऑस्ट्रेलियात बाउंटी हंटर नावाचा प्राणीच नाही. जामिनावर सुटून कुणी पळाला तर त्याला पोलीस धरतात. मी प्रोसेस सर्व्हर आहे. कोर्टाचे कागद ज्याच्या नावाचे, त्याच्या हातात नेऊन देते. जो सापडत नाही त्याला शोधते. शोधते म्हणजे फोन करते, शेजाऱ्यांशी गोड बोलते आणि एसी बंद पडलेल्या टोयोटात तीन-तीन तास घाम गाळत बसते. दोनदा कुत्रं चावलंय. ते दाखव तुझ्या सिरीजमध्ये."

"पण ताई, काहीतरी थ्रिल असेलच ना?"

"आहे ना. तीन तास गाडी सोडून बाथरूमला जाता येत नाही, तो थ्रिल."

माझे वडील साताऱ्याच्या कोर्टात बेलिफ होते. सायकलवरून समन्स बजावत फिरायचे, कुणी दार नाहीच उघडलं तर पंच बोलावून दारावर डकवायचे. मी दोन हजार आठ साली इथे आले ती अकाउंटिंग शिकायला. फिरून फिरून झाले बेलिफच. वडिलांनी आयुष्यभर एक नेम पाळला. ज्याच्याकडे बजावणी असेल त्याच्या घरचं पाणीसुद्धा घ्यायचं नाही, जीव जात असला तरी. मीही दहा वर्षं तो पाळत आले होते. त्या चतुर्थीला मोडला, आणि तोही असा मोडला की आठवलं तरी कान गरम होतात.

गोष्ट दोन हजार एकवीसची. जुलैमध्ये माझ्याकडे नीला दाणीची केस आली. नीला सिडनीत पेंडल हिलला राहायची, एका फार्मसीत कामाला होती. तिला एक मुलगी, मयूरा, नऊ वर्षांची. नवरा दत्तप्रसाद सव्वा वर्षापूर्वी "डार्विनला काम मिळतंय, दोन महिन्यांत येतो" म्हणून गेला तो गेलाच. आधी फोन कमी झाले, मग नंबरच बंद.

नीलाच्या आईला नाशिकला कॅन्सर होता, आणि डॉक्टरांनी दिवाळीपर्यंतही शाश्वती दिली नव्हती. त्या वर्षी देशाबाहेर पडायलासुद्धा सरकारची परवानगी लागायची. ती नीलाने अर्जांवर अर्ज करून मिळवली. अडलं कुठे, तर मयूराच्या पासपोर्टवर. तो संपलेला, आणि नव्या पासपोर्टला बापाची सही हवी. सही नसेल तर कोर्टाचा हुकूम हवा. आणि कोर्ट म्हणे, बापाच्या हातात कागद पडल्याशिवाय आम्ही केस ऐकणार नाही. ईमेल करून झाले होते, तो पत्ताही मेलेला. तारीख होती वीस सप्टेंबर. त्याच्या निदान सात दिवस आधी बजावणी झालेली हवी. नाहीतर पुढची तारीख थेट जानेवारीत.

"जानेवारीत मी मयूराला काय दाखवू, ताई? आजीचा फोटो?" नीला म्हणाली होती.

ती स्वतः काही करू शकत नव्हती. सिडनी बंद, आमच्या प्रांताची सीमा बंद. तिच्या वतीने डार्विनमध्ये धावपळ करणारी मी एकटीच. सहा आठवडे मी त्या माणसाच्या मागावर होते. त्याने प्रत्येकाला खोटा पत्ता दिला होता. जुन्या घरमालकाला एक, फोन कंपनीला दुसरा, लायसन्सवाल्यांना तिसरा. एका पत्त्यावर तर टायरचं दुकान निघालं. माझ्या अगदी नाकी नऊ आले.

मग सप्टेंबर लागल्यावर नीला एकदम म्हणाली, "ताई, तो सगळं सोडेल, गणपती नाही सोडणार. आणि गुरुजींशिवाय बसवणार नाही, त्याच्या आईची तशी शिस्त होती. गेल्या वर्षी श्रीनाथगुरुजींच्या झूमवर तो होता. कॅमेरा बंद होता, पण आवाज ऐकला मी. मी 'दत्ता' अशी हाक मारली, तर कॉल सोडून पळाला."

"अगं, मग हे आज सांगतेस?"

"मला वाटलं, त्याचा काय उपयोग?"

मी डोक्याला हात लावला. श्रीनाथगुरुजी म्हणजे पेंडल हिलचेच, आठवडाभर आयटीत आणि सुट्टीला सत्यनारायण. कोरोना आल्यापासून ते चतुर्थीला सगळ्या ऑस्ट्रेलियातल्या यजमानांना एकत्र झूमवर घेऊन प्राणप्रतिष्ठा करायचे. मी त्याच दिवशी नाव नोंदवलं. माझ्याकडेही गणपती असतोच, त्यामुळे खोटं काही नव्हतं. नीलाला बजावून सांगितलं, यंदा तू कॉलवर यायचं नाहीस, आलीस तर तो पुन्हा पळेल.

दहा सप्टेंबर, शुक्रवार. सकाळी आठला मी आणि माझा नवरा अवधूत पाटावर बसलो. समोर मूर्ती, शेजारी लॅपटॉप. सदतीस घरं जोडलेली. कुणाचं पोर रडतंय, कुणाचा मिक्सर चाललाय, कुणी म्यूट करायला विसरून बायकोला ओरडतोय. मी एकेका चौकटीवर डोळ्यांत तेल घालून नजर ठेवली. सत्तावीस नंबरला एक काळी चौकट होती, तिच्यावर नुसतं 'गेस्ट'.

पूजेच्या आधी संकल्प असतो. हातात पाणी घेऊन आपण कोण, कुठल्या गोत्राचे, कुठल्या गावी बसून ही पूजा करतोय ते देवाला सांगायचं. भारतात असतो तेव्हा तिथली नदी, तिथला देश येतो. श्रीनाथगुरुजींनी त्या जागी 'ऑस्ट्रेलिया देशे' बसवलंय आणि पुढचं ज्याचं त्याला बोलायला लावतात. एकाने नुसतं "मेलबर्न" म्हटलं, तर गुरुजी म्हणाले, "मेलबर्न केवढं मोठं आहे! सबर्ब सांगा. जिथे बसलात तिथलंच नाव घ्या. देवाला अर्धवट पत्ता द्यायचा नाही."

लोक हसले. एकेक करत पाळी पुढे सरकत होती. "गेस्ट, आता तुम्ही," गुरुजी म्हणाले.

काहीच आवाज आला नाही. मला वाटलं, गेला हा. खोटं सांगायला त्याला काय लागत होतं? पर्थ म्हणाला असता तरी कोण बघायला जाणार होतं! गुरुजींनी पुन्हा विचारलं. मग एक खालचा, घोगरा आवाज आला, "भारद्वाज गोत्र. दत्तप्रसाद." आणि जरा थांबून, "पामर्स्टन."

माझ्या तळहातावरचं पाणी ताम्हनात सोडायचं राहूनच गेलं. पामर्स्टन! माझ्या घरापासून वीस मिनिटांवर. सव्वा वर्ष जगाला थापा मारणाऱ्या माणसाची हातात पाणी घेतल्यावर देवाशी खोटं बोलायला जीभ वळली नाही. मला त्याची दया आली, आणि दया आली म्हणून स्वतःचा रागही आला. देवासमोर बसून मी चोरून कुणाचा पत्ता ऐकत होते. मनात म्हटलं, बाप्पा, माझं काय करायचं ते कर, पण नाशिकच्या त्या म्हातारीकडेही बघ.

शेवटी गुरुजींनी सगळ्यांना मूर्ती दाखवायला सांगितल्या. त्याने चार-पाच सेकंदच कॅमेरा लावला. स्टुलावर मातीची मूर्ती, मागे काचेच्या पट्ट्यांची खिडकी, आणि खिडकीतून दिसणारी पामर्स्टनची पाण्याची टाकी. एवढं मला पुरे होतं.

आरती संपताच मी उठले. "नैवेद्य तू दाखव," मी अवधूतला म्हटलं.

"आज? अगं, आजच्या दिवशी तरी..."

"आज आहे, उद्या नसेल." मी कागदांचा लिफाफा पर्समध्ये टाकला आणि निघाले.

टाकी ज्या अंगाने खिडकीत दिसली होती त्या अंगाचे तीन रस्ते मी गाडीने पिंजून काढले. सगळी युनिट्स एकसारखी, खाली गाड्या, वर जिने. बिल्डअपचे दिवस, पाऊस पडायच्या आधीची ती चिकट उष्णता, ब्लाउज पाठीला चिकटलेला. तिसऱ्या रस्त्यावर एका युनिटच्या वरच्या दाराला आंब्याच्या पानांचं तोरण दिसलं. डार्विनमध्ये आंब्याची झाडं गल्लोगल्ली आहेत, पण त्याची डहाळी तोडून दाराला कोण बांधणार? मी जिना चढले.

दार सताड उघडं होतं. आत एक हडकुळा, चाळिशीचा माणूस, खाली धोतर आणि वर कुठल्यातरी कंपनीचा टी-शर्ट. फोटोतल्यापेक्षा पंधरा किलो तरी उतरलेला. मला फक्त एवढं विचारायचं होतं, तुम्ही दत्तप्रसाद दाणी का? तो हो म्हणाला की लिफाफा हातात द्यायचा आणि परत फिरायचं. दहा वर्षांत हजार वेळा केलंय. पण तोरणाखाली उभी राहिले, समोर गणपती दिसला, आणि माझ्या तोंडून निघालं काय, तर "गणपती आहे का इथे?"

मूर्ख बाई! दिसत नव्हता का?

त्याचा चेहरा जो उजळला! "मराठी? अहो या, या ना! दर्शनाला आलात? या ताई."

आणि माझ्या पायांनी घात केला. सवयीने चपला निघाल्या, मी आत होते. नमस्कार केला. मास्क खाली घेतला. त्याने वाटीत मोदक आणून दिला, कळ्या फाटलेल्या, सारण बाहेर आलेलं. "पहिल्यांदाच जमवलेत, नावं ठेवू नका," म्हणाला. मी खाल्ला. गणपतीचा प्रसाद नको कसं म्हणतात, ते मला कुणी शिकवलेलं नाही.

तो बोलतच सुटला, पोरीबद्दल तर किती सांगू असं त्याला झालं होतं. त्याच्याशी सव्वा वर्षात कुणी मराठी बोललं नव्हतं. सिडनीत मोठ्या हॉटेलच्या किचनमध्ये होता. पहिल्याच लॉकडाऊनमध्ये नोकरी गेली. बायकोला महिनाभर सांगितलंच नाही, रोज डबा घेऊन निघायचा आणि पार्कमध्ये बसायचा. मग इकडे आला, इथलंही काम सुटलं, आजारी पडला. "एक आठवडा फोन केला नाही ताई, मग महिना झाला. मग कुठल्या तोंडाने करणार? पुढे कळलं, बायको कोर्टात गेलीय. मी नंबर बदलला." आता एका गॅस कंपनीच्या कॅम्पवर स्वयंपाकी होता. रविवारी सकाळी विमानाने जाणार होता, सहा आठवड्यांसाठी.

पर्स माझ्या मांडीवर होती. लिफाफा तिच्यातच होता.

निघताना तो म्हणाला, "माझा दीड दिवसाचा असतो. उद्या चारला विसर्जन, बादलीतच. समुद्र आहे, पण मगरी पडल्यात ना! एकटाच आहे आरतीला. याल का?"

मी मान हलवली आणि पाय काढता घेतला.

गाडीत बसून मी स्वतःला ज्या शिव्या घातल्या त्या इथे लिहिण्यासारख्या नाहीत. तेवढ्यात नीलाचा फोन.

"ताई, सापडला?"

"सापडला."

"दिलेत कागद?"

"नाही."

खोटं बोलता आलं असतं, तो भेटला नाही म्हणता आलं असतं. पण सहा आठवडे त्या बाईने माझ्यावर विश्वास टाकला होता. मी सगळं सांगितलं. तोरण, चपला, सगळं.

"मोदक खाल्लात?" ती म्हणाली. "माझी आई तिकडे नळीने जेवतेय. आणि तुम्ही त्याच्या घरचा मोदक खाऊन आलात. शाब्बास."

तिचं एक अक्षरही चुकीचं नव्हतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"नीला, ऐक. तो परवा सकाळी उडतोय. उद्या चारला मी त्याच्या दारात आहे. उद्या कागद त्याच्या हातात पडतील. नाही पडले तर हे काम सोडून देईन."

"तुमचं काम घेऊन मी काय करू?" म्हणाली आणि फोन ठेवला.

संध्याकाळी तनयचा कॉल ठरलेला होता. नावं-गावं गाळून मी त्याला झालेलं सांगितलं. तो अस्वस्थ झाला. "ताई, हे स्क्रीनवर नाही चालणार हो. हिरॉइन मोदक खाऊन परत येते? प्रेक्षक चॅनल बदलतील. आपण असं करू, ती पुजाऱ्याच्या वेशात जाते..."

"पुजाऱ्याच्या?"

"किंवा नको. पण उद्या तुम्ही छातीला छोटा कॅमेरा लावाल का? खरं फुटेज मिळालं तर आमचे डिरेक्टर वेडे होतील."

"होऊ देत. कॅमेरा नाही."

"चेहरा ब्लर करू ना, ताई. नो वरीज."

आता मात्र माझं डोकं सटकलं. "तनय, तू कधी कुणाच्या दारात कोर्टाचा कागद घेऊन उभा राहिलायस? दार उघडणाऱ्याचं तोंड कसं होतं बघितलंयस? ते बघायला मला पगार मिळतो, मी बघते. ते आणखी चार लोकांनी चिप्स खात बघायचं कारण नाही. ठेव फोन." त्याच्यावर भडकले खरी, पण राग माझा माझ्यावरच होता.

रात्री झोप लागली नाही. सारखे वडील आठवत होते. ते पाणी का प्यायचे नाहीत, ते मला वयाच्या चाळिशीत कळलं. लाच वगैरे काही नाही. पाणी दिलेल्या माणसासमोर उभं राहून सरळ बोलता येत नाही, म्हणून. पण बोलायला तर हवंच होतं. मी ठरवलं, आरतीचं निमित्त करायचं नाही, आत जायचं नाही. दारात उभं राहायचं आणि पहिल्या वाक्यात सांगायचं.

शनिवारी चारला पाच कमी असताना मी जिना चढले. फोन गाडीतच ठेवला. दार उघडं. आत निरांजन लावलेलं, पाण्याने भरलेली निळी बादली. आणि सतरंजीवर आरतीची दोन पुस्तकं काढून ठेवलेली. एक माझ्यासाठी.

"या ताई, बरोबर वेळेवर! आत या."

"आज मी आत येणार नाही," मी म्हटलं. चपला पायातच. "तुमचं पूर्ण नाव दत्तप्रसाद अनंत दाणी?"

लपून राहणाऱ्या माणसाला स्वतःचं पूर्ण नाव ऐकलं की सगळं कळतं. त्याच्या हातातली काडेपेटी तशीच राहिली. नाही म्हणता आलं असतं त्याला, पण तो "हो" म्हणाला.

"मी मीनाक्षी सावंत, प्रोसेस सर्व्हर. फॅमिली कोर्टाचे कागद आहेत, तुमच्या हातात द्यायचेत."

"काल कुठे होते हे?"

"पर्समध्ये."

"मोदक खाताना?"

"हो."

"वा!" तो हसला, पण ते हसणं बघवत नव्हतं. "देवाच्या नावाने घरात शिरलात. मी वेडा, तुम्हाला पोरीबद्दल सांगत बसलो. लाज नाही वाटली?"

"वाटली. रात्रभर वाटली. म्हणून आज बाहेर उभी आहे."

त्याने दोन्ही हात पाठीमागे नेले. "मी घेत नाही."

"नाही घेतलेत तर मी तुमच्यासमोर खाली ठेवीन, हे काय आहे ते सांगेन, आणि बजावणी होईल. कायदा तसाच आहे. पण ते मला करायचं नाही. तुम्ही हातात घ्यावेत."

त्याने दार लोटलं. घरात गणपती असताना दार लावत नाहीत. दार अर्ध्यावर आलं आणि तोच थांबला. आतून म्हणाला, "मयूराला तोडायची आहे ना माझ्यापासून? तोडा. पण मी त्याला हात लावणार नाही."

कागदांत काय लिहिलंय यावर चर्चा करायची नाही, असा आमचा नियम. त्या दिवशी मी तोही मोडला. एक मोडलाच होता.

"तोडायचं कुठेच लिहिलेलं नाही. पासपोर्टचा अर्ज आहे. नीलाच्या आईला कॅन्सर आहे, दिवाळीपर्यंतही राहतील असं वाटत नाही. मयूराला आजीला भेटवायचंय. एवढंच मागितलंय. तुम्ही उद्या विमानात बसलात की ती म्हातारी नातीला न बघता जाईल. बस्स. आता तुम्ही ठरवा."

दार पुन्हा उघडलं. "सासूबाईंना?" तो म्हणाला. त्याला काहीच माहीत नव्हतं. तो उंबऱ्यातच मटकन खाली बसला. मग त्याने हात पुढे केले, दोन्ही, प्रसाद घेताना करतो तसे. मी लिफाफा त्यावर ठेवला. घड्याळात चार वाजून बारा मिनिटं झाली होती.

मी वळणार, तेवढ्यात तो म्हणाला, "मयूराला एक निरोप द्याल?"

"निरोप मला नेता येत नाही."

त्याने मान खाली घातली. मला ते सहन होईना. मी म्हटलं, "पण एक आहे. कागद देताना समोरचा माणूस जे बोलतो ते मला अ‍ॅफिडेव्हिटमध्ये शब्दन्‌ शब्द लिहावं लागतं, शपथेवर. ते कोर्टात जातं. नीलालाही त्याची कॉपी मिळते."

त्याला समजायला क्षणभर लागला. मग ताठ बसला. "सावकाश बोलू?"

"सावकाश बोला." मी वही काढली.

"पासपोर्टला माझी हरकत नाही. हे आधी लिहा." मग त्याने आत मूर्तीकडे पाहिलं. "गेल्या वर्षीपासून मूर्ती मी एकट्याने करतोय. यंदा सोंड दोनदा गळून पडली. घरी सोंड मयूरा करते. तिच्याशिवाय मला ती जमत नाही. लिहिलंत?"

"लिहिलं."

"वाचून दाखवा."

मी वाचून दाखवलं. तो म्हणाला, "बरोबर आहे." मग अगदी हळू, "आरतीला थांबता?"

फार वाटलं थांबावंसं. नाही थांबले. जिना उतरताना त्याने आरती सुरू केलेली ऐकू आली, एकट्याचीच टाळी. गाडीत बसून मी रडले, उघड सांगते. मग डोळे पुसले आणि नीलाला फोन लावला. "दिले," म्हटलं. ती पलीकडे एवढंच म्हणाली, "खरंच?" आणि तीही रडायला लागली.

सोमवारी मी अ‍ॅफिडेव्हिट करून पाठवलं. तासाभरात नीलाच्या वकिलीणबाई विमल यांचा फोन. त्या इंदूरच्या. "मीनाक्षी, बढिया काम किया. बस, वो सूंड वाली लाइन निकाल दो यार. हरकत नाही म्हणाला, बात खतम. मूर्ती का कोर्ट में क्या काम?"

"तो तसं बोललाय."

"रेलेव्हंट नहीं है."

"मॅडम, फॉर्मवर विचारलंय, बजावणीच्या वेळी तो काय म्हणाला. मी शपथ घेऊन लिहिलंय. एक शब्द काढला तरी मी खोटं लिहिल्यासारखं होईल. माझ्या सहीने हवं असेल तर हे असंच जाईल. नाहीतर दुसरी प्रोसेस सर्व्हर शोधा, तो कॅम्पवर गेलाय."

मग म्हणाल्या, "तुम मराठी लोग भी ना," आणि तसंच दाखल केलं.

वीस तारखेला व्हिडिओवर सुनावणी झाली, अकरा मिनिटं. हुकूम मिळाला, आठवड्यात पासपोर्ट मिळाला. सहा ऑक्टोबरला नीला आणि मयूरा निघाल्या. तनयने दरम्यान स्क्रिप्टचा पहिला भाग पाठवला. त्यात हिरॉइन दार लाथेने उघडते, कागद माणसाच्या छातीवर फेकते आणि एक इंग्रजी वाक्य मारून गॉगल लावते. मी लिहिलं, छान आहे, फक्त डार्विनमध्ये लेदरचं जॅकेट घातलं तर दहा मिनिटांत चक्कर येईल.

ऑक्टोबरच्या शेवटी नाशिकहून नीलाचा फोन आला. आई दोन दिवसांपूर्वी गेल्या होत्या. शेवटचे सतरा दिवस मयूरा त्यांच्या उशाशीच होती, रात्री झोपायचीही तिथेच. नीलाचा आवाज थकलेला होता, पण मोदकाचा राग त्यात राहिला नव्हता.

"ताई, एक सांगू का? ती कोर्टाची फाईल मी बॅगेत ठेवली होती. मयूराने उचकली. तिला मराठी कुठे वाचता येतं! पण तुमचं ते अ‍ॅफिडेव्हिट तर इंग्रजीत."

"वाचलं तिने?"

"स्वतः वाचलं, मग आजीला मोठ्याने वाचून दाखवलं, दोनदा. आणि ते पान फाईलमधून काढून घेतलंय. कालपासून मागतेय, देतच नाही. 'इट्स माइन, मम्मा' म्हणते."

मी म्हटलं, "राहू दे तिच्याकडे. कोर्टाकडे दुसरी कॉपी आहे."